डावं मनगट

दांडिया बाजारात केमिस्टच्या बाजूचा जिना चढून आलं
की उजवीकडे माझं एक्स-रेचं मशीन.
वर्षभर इथे धडपडलेले येतात,
उत्तरायणानंतर आठवडाभर गच्चीवरून पडलेले.
पण ऑगस्टात एका सकाळी अठरा मुलं येतात रांगेनं
आणि त्यांना काहीही झालेलं नसतं.

राणा सर यादी ठेवतात काउंटरवर.
डावं मनगट, सगळ्यांचं. हाडाचं वय बघायचंय.

फुटबॉलची गंमत बघा.
चेंडूला हात लागला तर शिट्टी,
आणि निवड हातावर.

"बोटं पसर. हालतो नहीं."
पोरं श्वाससुद्धा रोखून धरतात.
फोटो मनगटाचा आहे, छातीचा नाही,
पण मी सांगत नाही. बरी वाटते ती शांतता.

बावीस वर्षांनी फिल्म वाचता येते, सही करता येत नाही.
हाडाच्या टोकाशी, टोपीखाली, एक काळी रेघ असते.
लहानपणी रुंद. मग दोऱ्याएवढी. मग एक दिवस मिटते
आणि मुलाला पत्ताही नसतो.

माझ्या वडिलांच्या वेळी मशीन नव्हतं.
गुरुजी म्हणाले, उजवा हात डोक्यावरून ने, डावा कान धर.
पोचला तर पहिलीत.
वडिलांनी मान जरा कलती केली आणि धरला.
जन्मतारीख गुरुजींनीच दिली, एक जून.
काकांचीही एक जून, आत्याचीही.
तेवढ्यावर रेल्वेत नोकरी केली
आणि एका एकतीस मेला हार घालून घरी आले.
खरा वाढदिवस कधी, ते कुणी विचारलं नाही.

आता मिनिटं लिहितात.
ओजस शिर्के: एकतीस डिसेंबर, रात्री अकरा चाळीस.
हेत परमार: एक जानेवारी, बारा पंचवीस.
कारेलीबागेतलं एकच प्रसूतिगृह, शेजारच्या खाटा,
दोघांच्या आया अजून एकमेकींना त्या रात्रीचे फटाके सांगतात.
पंचेचाळीस मिनिटं. कागदावर एक वर्ष.
हेत त्याच्या गटात सगळ्यात थोरला,
आठव्या वर्षापासून कॅप्टन.
ओजस त्याच्या गटात शेंडेफळ:
शेवटची चार मिनिटं, तीही सामना हातचा गेल्यावर,
बाकी वेळ बाटल्या सांभाळ.
राणा सर वाईट नाहीत. म्हणतात, हेतमध्ये काहीतरी आहे.
असेलच.
चार वर्षं पूर्ण सामने खेळल्यावर कुणात काही नसतं?

मी दोन्ही फिल्म उजेडापुढे धरल्या.
ओजसची रेघ रुंद. बरीच.
यादीत त्यासाठी रकाना नाही.
हाड जास्त निघालं तर मुलाला बाहेर काढतात.
कमी निघालं तर कुणी त्याला
त्याच्या मापाच्या पोरांत नेऊन ठेवत नाही.
मशीन चोर पकडायला आणलंय.

जाताना तो दारात रेंगाळला.
पुढच्या मापाची चड्डी, नाडीला तीन गाठी.
"काका, माझं काय आलं?"
सांगायची परवानगी नाही.
"अजून वेळ आहे तुला," म्हटलं.
"कशाला?"
जिन्यातून हेतनं हाक मारली आणि तो गेला.
उतरताना दोघांमध्ये एक रिकामी बाटली होती,
पायरी पायरी वाजत गेली,
मध्येच अडली, पुन्हा वाजली.

दार लावून मी उजवा हात डोक्यावरून नेला.
पोचतो. मान सरळ ठेवूनही.